हिरडीची सूज आणि आतड्याचा दाह

क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दीर्घकालीन विकारांत प्रतिकारयंत्रणा आतड्यातील जीवाणूंना अवाजवी प्रतिसाद देते व त्यातून अस्तराचा दाह होतो, म्हणजे ते सुजते आणि त्यावर व्रण पडतात. या जीवाणूंपैकी काही तोंडातून आलेले असावेत, असा संशय आता बळावला आहे. माणूस दिवसाकाठी एक-दीड लिटर लाळ गिळतो आणि तिच्याबरोबर असंख्य जीवाणू पोटात उतरतात. निरोगी व्यक्तीत त्यांतील बहुतेक जठरातील आम्लाने मरतात, आणि जे तगतात त्यांना मोठ्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले जीवाणू थारा देत नाहीत.

जपानमधील केन्या होंडा आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात क्रोनच्या रुग्णाची लाळ जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना दिली असता, तिच्यातील क्लेब्सिएला या जीवाणूने आतड्यात बस्तान बसवले आणि टीएच-1, म्हणजे दाह चेतवणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढल्या. तीव्र दाह मात्र आनुवंशिक दोष असलेल्या उंदरांतच झाला. नेहमीचे जीवाणू शाबूत असलेल्या उंदरांत हा पाहुणा टिकला नाही, पण अँटिबायोटिक दिल्यावर टिकला, आणि हाच तपशील रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मानावा लागेल. पुढे 2020 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात उंदरांच्या दाढांभोवती दोरा बांधून हिरड्या सुजवल्या असता, जीवाणूंबरोबरच हिरडीत तयार झालेल्या दाहक पेशीही आतड्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले.

हे सारे उंदरांतील आहे. दात स्वच्छ केल्याने क्रोन बरा होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही आणि त्या आशेवर चालू औषधे थांबवणे घातक ठरेल. तरीही ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असल्यास दंतवैद्याकडून दातांवरचे कीटण काढून घ्यावे, आणि रक्त थांबावे म्हणून मिश्री चोळण्याची जुनी सवय सोडावी, कारण मिश्री हा भाजलेला तंबाखूच असून तो हिरड्यांची हानी करतो. दाढ दुखू लागली की घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणे क्रोन व कोलायटिसच्या रुग्णांनी कटाक्षाने टाळावे, कारण उंदरांप्रमाणेच त्यामुळे तोंडातील जीवाणूंना आतड्यात थारा मिळू शकतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही आतड्याचा दाह उफाळू शकतो, म्हणून दंतवैद्याला आपला आजार आणि चालू औषधे आधीच सांगावीत व पॅरासिटामॉलवर भागेल का, हे विचारून घ्यावे.