वृत्तपत्रातील नदी आणि आपली नदी

परिसर अभ्यासाच्या तासाला जलप्रदूषण शिकविताना पुष्कळ शिक्षक वर्तमानपत्रांतील कात्रणे वाचून दाखवितात. पद्धत चांगली आहे. परंतु वार्ता वाचली की नागरिक जागा झाला, असे समजणे धाडसाचे होईल.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दि. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहे, आकाशवाणी व दूरदर्शन यांनी पर्यावरणविषयक संदेश द्यावेत आणि शाळांत हा विषय अनिवार्य व्हावा, असे सांगितले. माध्यमे आणि शाळा यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे. एकाने ऐकवावे, दुसऱ्याने पडताळावयास शिकवावे.

आता आरमोरीकडे वळू. नागपूरचे पुष्कळसे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत, तेथून वैनगंगेत येते व पवनीजवळील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते. या जलाशयाच्या दूषित पाण्याविषयी वृत्तपत्रांतून वेळोवेळी छापून येते. आपल्याकडील वाचक हळहळतो, शहरास दोष देतो आणि पान उलटतो. तीच नदी पुढे आपल्या तालुक्यातून वाहते, हे बातमीत बहुधा नसते, म्हणून मनातही येत नाही. उलट ‘पाणी विषारी झाले’ असा निनावी संदेश मोबाईलवर आला की तोच गृहस्थ घाबरून चार जणांस तो धाडतो. एकदा अनास्था, एकदा घबराट. पाण्याकडे मात्र दोन्ही वेळी कोणी पाहिलेले नसते.

यास्तव कात्रण वाचल्यावर फळ्यावर नागपूर ते आरमोरी हा पाण्याचा मार्ग काढावा. मग मुलांस विचारावे : नमुना कोठून घेतला? कोणत्या दिवशी? तपासला कोणी? उत्तर बातमीत नसेल, तर ‘दिलेले नाही’ असेच वहीत लिहावे.

नंतर नदीकाठच्या शाळांनी मुलांस सुरक्षित घाटावर न्यावे. पाण्याचा रंग, वास, फेस, जलपर्णी यांची नोंद घ्यावी; आपल्याच गावातून निर्माल्य, प्लास्टिक, गटाराचे पाणी काय काय नदीत पडते, तेही लिहावे. वर्तमानपत्र याची दखल क्वचितच घेते. निर्मळ दिसणारे पाणी जंतुरहित असतेच असे नाही, हे सांगावयास विसरू नये. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास बोलावून तपासणीचा नमुना कसा घेतात ते दाखवावे.

ही नोंद ग्रामसभेच्या दिवशी शाळेबाहेरील फळ्यावर लावावी. खाली तारीख आणि पाहणाऱ्या मुलांची इयत्ता असावी.