‘स्वामी’ वाचून मुलं रडतात, तेव्हा...



बारामतीहून पाटसमार्गे किंवा इंदापूरहून सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना थेऊर फाटा लागतो. थेऊरला चिंतामणीचं दर्शन आपण घेतोच. पण रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) वाचलेल्या मुलांना हे गाव वेगळंच दिसतं. सोळाव्या वर्षी पेशवेपद, पानिपतानंतर खचलेलं राज्य सावरण्याची धडपड आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं मृत्यू! १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव इथंच गेले. रमाबाई सती गेल्या.

शेवटची पानं वाचताना मुलांना रडू येतं. येऊ द्या. ‘गोष्टच तर आहे’ म्हणून हसू नका. दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं हा वाचनाचा पहिला धडा आहे.

डोळे पुसून झाले की दोन प्रश्न विचारा.

१) यात इतिहास कोणता, कल्पना कोणती? तारीख, आजार, थेऊर हा इतिहास. दोघांचं एकांतातलं बोलणं मात्र लेखकाच्या लेखणीतलं.

२) आपण नेमकं कशासाठी रडलो? अर्ध्यावर मोडलेल्या संसारासाठी की चितेसाठी?

इथं एखादी मुलगी म्हणेल, “खरं प्रेम असंच असतं.” तेव्हा गप्प राहू नका. १८२९ च्या कायद्यानं सतीची चाल गुन्हा ठरली, हे सांगाच. आजारी नवऱ्यासाठी तुटणारा रमाबाईंचा जीव, हेच प्रेम होतं. ते सिद्ध करायला चितेची गरज नव्हती.

पुस्तकावर रडलेलं मूल हे ऐकायला तयार असतं. ती वेळ दवडू नका.