चेतना क्षेत्रात का धरली?

श्रीज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाचे पारायण आपण कितीदा तरी करतो. पण त्यातल्या एका जागी थांबावे असे पुष्कळांस वाटत नाही. भगवंतांनी शरीराला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. शेतात काय काय येते याची मोजदाद माउलींनी छत्तीस तत्त्वांपर्यंत नेली. पंचमहाभूते, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, इंद्रिये, मन, विषय. मग सुखदुःख, इच्छाद्वेष. इथवर कोणाची हरकत नाही. पण पुढे त्याच यादीत चेतनाही आली! आपण तर चेतना म्हणजेच आत्मा असे सर्रास बोलतो. मग चेतनाच शेतात गेली, तर शेताचा धनी कोण उरला?

माउलींचा खुलासा पहा. नखापासून केसापर्यंत देहात जागी असणारी, मनबुद्धीला टवटवी देणारी, जागृती, स्वप्न व झोप या तिन्हींत न पालटणारी अशी ही चेतना खरी. पण ती आत्म्याच्या संगतीने जड देहाला आलेले सजीवपण आहे. दृष्टान्तही एकामागून एक आले आहेत. राजा जागचा हलत नाही, त्याची आज्ञाच परचक्र जिंकते. चंद्र पूर्ण झाला की समुद्राला भरती येते. लोहचुंबक जवळ आला की लोखंड हलू लागते. कासवी नुसत्या नजरेने पिले पोसते. (खरी कासवी अंडी वाळूत पुरून निघून जाते हो, पण दृष्टान्त काही प्राणिशास्त्र शिकवायला घेतलेला नाही.) या साऱ्यांत करवणारा अलिप्त आहे आणि काम मात्र घडते आहे. भरतीचे गणित न्यूटनने १६८७ साली मांडले. म्हणून शके १२१२ च्या ग्रंथात ते आधीच होते असे म्हणू नये. माउलींना समुद्र सांगायचा नव्हता, सान्निध्य सांगायचे होते.

आता विश्वाशी आपले नाते कुठे लागते? आपल्या रक्तातले लोह फार पूर्वी ताऱ्यांच्या पोटात तयार झाले, असे आजचे शास्त्र सांगते. हे मातीचे नाते झाले, क्षेत्राचे. भगवंत त्याच्या पलीकडचे सांगतात: सर्व क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मीच. शेते अनेक, जाणता एक.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. म्हातारपणी विस्मरणाचा रोग होतो. जन्मभर वारी केलेली आई मुलांना ओळखत नाही, हरिपाठ आठवत नाही. मुलगा विचारतो, "महाराज, आता आईत राहिलं काय? तिचा नेम तुटला का?" बाबा रे, गेले ते बुद्धीचे व मनाचे. ती दोन्ही माउलींनी शेतातच मोजली आहेत. चेतना अजून देहात उभी आहे. आणि जो जाणता, त्याचे नाव त्या छत्तिसांत मुळी नाहीच. मग तो हरवला म्हणायचा कसा?

औषधपाणी करावेच, ती शेताची मशागत आहे. पण सांजवेळी तिच्याजवळ बसून हरिपाठ आपण म्हणावा. अशा माणसांना नावगाव आठवत नाही, तरी जन्मभर म्हटलेली चाल कानी पडली की पुष्कळदा ओठ हलतात. न हलले तरी "आई, ओळखलंस का?" असे पुन्हापुन्हा विचारून तिला कष्टवू नये, टाळ हाती द्यावा आणि आपण म्हणत राहावे.