फॉर्मवरचं 'नाही'

चि. समीर यास,


तुझा रिपोर्ट पाहिला. खाली तू अंगठा दाखवून लिहिलंयस, 'टोटल १९६, सगळं नॉर्मल!' काकाचं थोडं ऐक.

टोटल म्हणजे नुसती बेरीज. ठेवी आणि कर्ज एकत्र मिळवून कुणी आपली ऐपत सांगत नाही. तुझं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४ आहे. पुरुषाला ते ४० च्या वर हवं. ट्रायग्लिसराइड्स २१०, ती १५० च्या आत हवीत. एलडीएल १२० छापलंय, पण बहुतेक लॅब ते मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. १९६ मधून एचडीएलचे ३४ आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा, ४२, वजा कर. आलं ना १२०? आता १९६ मधून नुसतं एचडीएल वजा कर. उरतात १६२. रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं, आणि ते १३० च्या आत असलेलं बरं.

पण माझी नजर अडली ती सोबतच्या फॉर्मवर. 'घरात कुणाला हृदयविकार?' या प्रश्नापुढे तू 'नाही' लिहिलंस.

चूक तुझी नाही. तू दहावीत असताना माझा दादा, म्हणजे तुझे बाबा, चार दिवस दवाखान्यात होता, तेव्हा तुला 'पित्त झालंय' असं सांगितलं. तो हार्ट अटॅक होता. वय ४९, एक स्टेंट. ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून आम्ही तोंडं मिटली, ती मिटलेलीच राहिली. त्याच्या सकाळच्या गोळ्या 'बीपीच्या' झाल्या.

वडिलांना ५५ च्या आत हा आजार झाला असेल तर मुलाचा धोका वाढतो. त्यात आपल्याकडे तो पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. डॉक्टर एकट्या कोलेस्टेरॉलवर निर्णय घेत नाहीत. वय, बीपी, साखर, सिगारेट आणि घराणं एकत्र बघतात. तुझ्या 'नाही'मुळे त्यांनी तुझे १२० भलत्याच माणसाचे म्हणून वाचले.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि हे सांग. लायपोप्रोटीन-ए ही तपासणी करावी का, तेही विचार. ते आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा बघितलं तरी बहुधा पुरतं. गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. पार्टीतली सिगारेट मात्र आजच सोड.

दादाशी बोलूनच हे लिहितोय. ताईला तूच फोन कर. तिच्याही फॉर्मवर 'नाही'च असणार.

तुझा,
काका