डबे घरीच ठेव गं

अगं, फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं मला. व्हिसा आला, शुक्रवार रात्रीचं सिंगापूरचं विमान ठरलं, आणि तू मात्र यादी घेऊन बसलीस! भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, गोडा मसाला, वर लाटून गोठवायच्या पोळ्या. थांब जरा. बघ, शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ, एवढाच वेळ आहे तुमच्याकडे. त्यातला एक तासही ओट्यापाशी घालवायचा नाही. या वेळी तू नवऱ्याला रांधून घालणार नाहीस, तो तुला जेवायला नेणार आहे.

आणि खसखस तर चिमूटभरही नको. तिच्यात मॉर्फीनचा अंश असू शकतो, म्हणून सिंगापुरात ती बंदी असलेल्या मालात मोडते. म्हणजे अनारसे बाद, खसखस घातलेल्या करंज्या बाद, आणि घरच्या मसाल्यात ती पडली असेल तर तोही बाद. सासूबाई प्रेमाने डबा पुढे करतील आणि ऐनवेळी नाही म्हणणं तुला जड जाईल, म्हणून आजच सांगून ठेव त्यांना. च्युइंगगम आणि तंबाखूही पर्समध्ये नको. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद कर. झालं, कागदपत्रांची काळजी संपली.

प्रवास साडेपाच तासांच्या आसपास आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. त्यामुळे सकाळी उतरशील तेव्हा डोळे चुरचुरत असतील. घरी जाऊन तोंड धू, पण झोपू नकोस. तो रोज सकाळी जिथे खातो तिथेच घेऊन चल म्हण त्याला. पाहुणे आल्यावर नेतात त्या हॉटेलात नको, त्याच्या रोजच्या ठिकाणी.

खरं सांगू का, आमचे हे तिथे नोकरीला होते तेव्हा मला सगळ्यात जास्त काय सांगून गेलं असेल तर त्यांच्या बिल्डिंगखालचा कॉफीचा स्टॉल. आम्ही रांगेत पुढे सरकलो आणि यांनी तोंड उघडायच्या आत तिथल्या काकांनी झाकणाच्या भांड्यातली दोन अंडी आणि कॉफी पुढे सरकवली, मग माझ्याकडे बघून हसले आणि तिसरं-चौथं अंडं गरम पाण्यात सोडलं. ती अंडी अर्धवटच शिजलेली असतात. बशीत फोडायची, वर काळा सोया सॉस, पांढऱ्या मिरीची पूड. सोबत कुरकुरीत टोस्ट, त्यात लोण्याचा गार जाड काप आणि काया, म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या पानांचा जॅम. टोस्ट त्या अंड्यात बुडवून खायचा. फोनवर 'नाश्ता केलास का' असं मी रोज विचारायचे आणि 'हो' एवढंच उत्तर मिळायचं. त्या 'हो'मध्ये काय काय होतं ते मला त्या टेबलावर बसल्यावर दिसलं. परगावी राहणाऱ्या माणसाचे दिवस कसे जातात हे त्याच्या ताटावरून फार लवकर समजतं गं.

कॉफीचं एक लक्षात ठेव. नुसतं 'कोपी' म्हटलंस तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली, चांगलीच गोड येते. दूध नको असेल तर 'कोपी ओ', साखर कमी हवी असेल तर पुढे 'स्यू दाई' म्हण. लाजू नकोस, ती माणसं रोज शेकडो लोकांचं ऐकतात, तुझंही ऐकतील.

दुपारी हॉकर सेंटरला जा. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना सरकारने १९७० च्या दशकापासून नळ-गटार असलेल्या छपराखाली आणलं, त्यातून ही सेंटरं उभी राहिली. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची वारसा म्हणून नोंद घेतली, आणि माझ्या मते अगदी योग्य केलं. कुठल्याही रेस्टॉरंटपेक्षा मला तिथलं जेवण आवडतं. टिश्यूचं पाकीट जवळ ठेव. ते टेबलावर ठेवलं की जागा धरली असं सगळे मानतात. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. चार-सहा डॉलरमध्ये पोट भरतं, तेव्हा प्रत्येक डॉलरला रुपयात गुणत बसू नकोस.

काय खायचं? तू मासे खाणारी, तुला तर रान मोकळं आहे. लाक्सा घे. नारळाच्या दुधाच्या तिखट रश्श्यात तांदळाचे नूडल्स, त्यात सुकवलेल्या कोळंबीचा वास. संध्याकाळी केळीच्या पानावर भाजलेलं पाकट मागव. हो, आपलंच पाकट! वर साम्बालचा, म्हणजे मिरचीच्या वाटणाचा जाड लाल थर, बाजूला छोटं लिंबू. डुक्कर चालत नाही ना तुला, मग हलालचं चिन्ह असलेला स्टॉल बघ, तिथे ते नसतं. बीफ मात्र असू शकतं, तेवढं विचारून घे. आणि नेमका श्रावण आला तर 'नुसती भाजी' या शब्दांवर विसंबू नकोस, कारण साम्बालमध्ये बहुतेक वेळा सुकी कोळंबी कुटून घातलेली असते. तेव्हा सरळ लिटिल इंडिया गाठ. सेरांगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून शाकाहारी जेवण वाढतंय.

गोडात पुतू पिरिंग चुकवायचं नाही, ही माझी सक्ती समज. तांदळाच्या पिठात ताडगूळ भरून ते छोट्या साच्यात वाफवतात आणि वर किंचित मीठ लावलेला ओला नारळ घालतात. पहिला घास घेतलास की उकडीचा मोदक आठवेल. गरम असतानाच खा, आतला गूळ वितळलेला असतो, जीभ सांभाळ. मेट्रोत मात्र काही खायचं-प्यायचं नाही हं, पाणीसुद्धा नाही.

रविवारी सकाळी त्याला फिरायची ठिकाणं दाखवायची हौस येईल. एखादं बघ, पण दमछाक करून घेऊ नकोस. त्यापेक्षा दोघं मिळून टेका सेंटरच्या बाजारात जा आणि त्याला आठवडाभराची भाजी घेऊन दे. तो काय उचलतो, काय टाळतो, एकट्यासाठी किती कांदे घेतो ते बघ. सारखं 'बारीक झालास' म्हणू नकोस. त्याला काय करता येतं ते विचार आणि त्याच्या हातचा वरणभात खा, कसाही झाला असला तरी.

इकडे लेकीची काळजी नको. दोन दिवस आजीजवळ मजेत राहील, सारखे व्हिडिओ कॉल केलेस तर मात्र रडेल. झोपण्यापूर्वी एकच फोन कर.

आणि हे बघ, रविवार रात्रीचं परतीचं विमान मुंबईला उशिरा उतरतं. सोमवारची रजा आजच टाक, साहेबांना काय सांगायचं याचा विचार करत बसू नकोस. विमानतळावर दोन तास आधी पोहोचा, आत जाण्यापूर्वी शांतपणे काहीतरी खा, आणि पुढचं तिकीट कधीचं काढायचं ते तिथेच बसून ठरवा.