शाळेचा संगणक व त्याची अंगभूत सुरक्षासाधने



आपल्या जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे व कुलुपे नसल्याबद्दल देशभर प्रसिद्ध आहे. तेथील माणसे श्रद्धेच्या बळावर तसे राहत आली. शाळेच्या संगणकाची गोष्ट मात्र निराळी होय. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाच्या उंबरठ्याशी अवघे जग उभे असते. आणि आत असतात ती मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व पालकांचे फोन क्रमांक. हा ठेवा पालकांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेला आहे. तो उघडा टाकण्याचा अधिकार आपणांस नाही.

शाळाभेटीच्या वेळी पुष्कळ शिक्षक विचारतात, “साहेब, संगणकाच्या संरक्षणासाठी पैसे कोठून आणावे?” याचे उत्तर असे की, आवश्यक ती बहुतेक साधने विंडोजमध्ये आधीपासूनच असतात. उणीव असते ती ती चालू ठेवण्याची. एका शाळेत फुकटचा एक प्रोग्राम बसविताना त्याने “संरक्षण बंद करा” असे सांगितले; ते बंद झाले आणि पुन्हा चालू करण्याचे राहून गेले. पुढे सर्व फायली कुलूपबंद झाल्या. तीन वर्षांची निकालपत्रके गुरुजींना जुन्या वह्यांवरून पुन्हा उतरावी लागली.

एक बोधप्रद घटना

आपल्याकडील कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो, त्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम जून २०१७ मध्ये विस्कळीत झाले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते. दि. २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम त्या समूहाच्या जगभरच्या जाळ्यात पसरला होता. त्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, हा प्रोग्राम विंडोजमधील ज्या छिद्रातून पसरत होता, त्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो बसविला नाही, त्यांचे दार उघडे राहिले. दुसरी, एखाद्या संगणकात व्यवस्थापकाचा पासवर्ड हाती लागला, की त्याच्या बळावर तो अपडेट केलेल्या संगणकांतही शिरे. तिसरी, खंडणी भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्यातील खात्यांची मुख्य नोंद जगभर नष्ट झाली. तिची एक प्रत तेवढी आफ्रिकेतील घाना देशात वाचली. कारण एवढेच की, हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती व तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! वीज जाण्याचा असा उपकार क्वचितच होतो. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत आपण मात्र केव्हाही करू शकतो.

प्रत्यक्ष कृती

१. पहारा तपासणे. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडावे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू असावे. ‘फायरवॉल’ या विभागात तिन्ही प्रकारच्या जाळ्यांसाठी फायरवॉल चालू आहे ना, हे पाहावे. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह प्रथम तपासून मगच उघडावा. जो प्रोग्राम संरक्षण बंद करावयास सांगतो, तो बसवूच नये.

२. अपडेट. ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ आठवड्यातून एकदा पाहावे. “नंतर करू” असे म्हणून ते लांबणीवर टाकू नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक पेलत असेल, तर विंडोज ११ वर जावे; तोवर मुलांची माहिती त्यावर कमीत कमी ठेवावी.

३. खाती. व्यवस्थापकाचे खाते एक असावे व त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असावा. रोजच्या कामासाठी व मुलांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते काढावे. पासवर्ड फळ्यावर वा पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवू नये. वर्गाबाहेर जाताना विंडोजची कळ व ‘एल’ एकत्र दाबावी. संगणक तत्काळ बंदिस्त होतो.

४. फोल्डरचे रक्षण. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरुवातीस बंद असते. ते चालू केले असता अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही. एखादा विश्वासू प्रोग्राम अडल्यास तेवढ्यालाच परवानगी द्यावी.

५. अलग प्रत. दर शनिवारी निकालपत्रके व नोंदी बाह्य ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. काम होताच तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. संगणकालाच लावून ठेवलेला ड्राइव्ह संगणकाबरोबरच बळी पडतो.

इतके करूनही फायली कुलूपबंद झाल्या, तर प्रथम इंटरनेट तोडावे, खंडणी भरू नये व मुख्याध्यापकांमार्फत वरिष्ठांना कळवावे. पैशाची फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब फोन करावा.

स्वाध्याय

वरील पाच बाबी या आठवड्यात स्वतः तपासाव्यात व प्रत्येकीसमोर तारीख घालून शाळेच्या नोंदवहीत लिहाव्यात. वरच्या वर्गातील दोन मुलांना सोबत घ्यावे. जे आज ती पाहतील, ते उद्या घरच्या फोनचीही काळजी घेतील. शाळा सुटल्यावर आपण वर्गाचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. संगणकाचे कुलूपही तसेच ओढून पाहण्याची सवय लागली, म्हणजे या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.