डबा माझाच आहे, साहेब

गुरुवारी सकाळी शेगावात पाय ठेवायला जागा नसते. नेमका त्याच दिवशी, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पडक्या भिंतीच्या कोनाड्यातला माझा स्टीलचा डबा सापडला. ज्यांच्यासाठी लपवला होता त्या भाच्यांना नव्हे, रस्ता झाडणाऱ्या बाईंना. "हात नोका लावू जी त्याले!" त्या ओरडल्या आणि पाच मिनिटांत तेवढा रस्ता रिकामा झाला. पोलीस आले, दोरी बांधली गेली. मी समोरच्या टपरीवर कचोरी खात उभा होतो. "काळी टेप गुंडाळलेली हाय म्हणते," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि घास घशातच राहिला. टेप मीच गुंडाळली होती, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून.

"साहेब, डबा माझाच आहे," एवढं बोलायला मला दहा मिनिटं लागली. त्यांची खात्री पटायला तास गेला. शेवटी डब्यातून निघाली चाळीस पानी वही, शाईचा पॅड आणि खोडरबरावर कोरलेला एक ठसा. साहेबांनी तिन्ही वस्तू टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "मास्तर, याचा उपयोग काय?"

त्याचं धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही. डबे लपवायचा आणि शोधायचा हा खेळ इंग्लंडातला. डार्टमूर नावाच्या उजाड पठारावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमिअर तळ्यापाशी एक बाटली ठेवली. तिथवर तंगडतोड करत पोचणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. पुढे बाटलीचा डबा झाला आणि कार्डाच्या जागी ठसा आला. डब्यातला ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपला डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे ठेवून निघायचं. याला ते लेटरबॉक्स म्हणतात. आपल्याकडे हा शब्द लाल पेटीने आधीच अडवून ठेवलाय. धाकट्या भाच्याने विचारलंच, "मामा, पत्र कुठे टाकायचं?"

डार्टमूरवर माणूस विरळ, आपल्याकडे डबा विरळ जागी ठेवणंच कठीण. शिवाय २००६ साली मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून बेवारस वस्तूला हात लावू नका हे आपल्या अंगवळणी पडलंय. त्या बाईंनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. खुद्द इंग्लंडात, वेदरबी गावी, २०११ साली असाच लपवाछपवीच्या खेळातला एक डबा बॉम्ब समजून उडवून दिला होता. तेव्हा स्टेशन, मंदिर, बाजार, शाळा, पूल यांच्या आसपास डबा ठेवायचाच नाही. डबा पारदर्शक हवा, टेप नको. आणि आत काय आहे, कुणी ठेवलंय, फोन नंबर काय, हे झाकणावर ठळक मराठीत लिहायचं. डबा लपवताना आपण शोधणाऱ्याचा विचार करतो. तो न शोधणाऱ्याच्याच हाती आधी लागतो.

दुसरा डबा एका स्नेह्याच्या शेतात ठेवला, नागझरीच्या वाटेवर. त्यांना विचारून. तरी फसलो. डबा बांधावर पुरला. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. मे महिन्यात डबा तिरका होऊन भेगेत गेला, जूनमध्ये झाकणाचं रबर सुटलं आणि वहीचा लगदा झाला. पॅडची जांभळी शाई पानापानांतून वाहिली. पुरू नका. दगडांच्या ढिगातही नको, कारण पोरं न बघता हात घालतात आणि तिथे विंचू आधीपासून राहायला असतो. वही झिपच्या पिशवीत ठेवा, सोबत पेन्सिल द्या. पेन वाळतं, पेन्सिल भिजली तरी लिहिते. खाऊ तर मुळीच ठेवू नका. मी चार चॉकलेटं ठेवली होती, उंदरांनी झाकणच कुरतडलं.

खुणांचंही तसंच. "बाभळीपासून पूर्वेला चाळीस पावलं" असं मी लिहिलं होतं. एक तर चाळीस पावलं माझी, नऊ वर्षांच्या पोराची नव्हेत. दुसरं म्हणजे बाभूळ उन्हाळ्यात सरपणाला गेली. विहीर, मैलाचा दगड, विजेचा खांब अशी न हलणारी खूण धरावी.

ठसा मात्र मन लावून करण्याची गोष्ट. तीस वर्षं चित्रकला शिकवूनही माझा पहिला 'शेगाव' उलटा उमटला. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने अक्षरं काढायची, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासायचा, म्हणजे अक्षरं आपोआप उलटी बसतात. कटर आडवा धरून उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. आतून पोखरलं तर दाबताना काठ तुटतो. शिरोरेषा जाड ठेवावी, माझी दोनदा तुटली. 'ग'चा काना सुटा असतो, त्याच्या फटीत शाई साचून सगळं काळं होतं. ती फट दिसायला हवी त्याहून थोडी रुंदच कोरावी. चुकलं तर पाच रुपयांचं खोडरबर गेलं, बस.

तिसरा डबा त्याच शेतातल्या गोठ्याच्या आढ्याला टांगलाय, डोळ्यांसमोर, झाकणावर माझं नाव. मालकाला माहीत, गड्याला माहीत, पोलिसांनाही सांगून ठेवलंय. "मास्तर, असं आधी सांगत जा," एवढंच साहेब म्हणाले. वहीत आजवर चौदा ठसे आलेत. एक शाई लावलेल्या अंगठ्याचा आहे, कोणाचा ते गड्यालाही ठाऊक नाही.

जागा इथे लिहीत नाही, नागझरीच्या वाटेवर चौकशी केलीत तर कळेल. येताना एक पेन्सिल आणा, आतली आखूड झालीय.